ऑल्दोच्या मागे बट चिकटतोच का, आणि तो कसा सोडवायचा

भाचीची बारावीची वही माझ्यासमोर उघडी आहे आणि एका पानावर लाल पेनाने चार गोल केलेत, चारही गोलांत चूक एकच. ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू कॉलेज. दो ही इज रिच, बट ही इज नॉट हॅपी. अशी चार. मागच्या महिन्याच्या टेस्टमध्येही हेच होतं, त्याच्या आधीच्या टेस्टमध्येही हेच. मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते, ती वही आपटून म्हणाली, मावशी, मला नियम येतो गं, ऑल्दो आला की बट लावायचा नाही, मी पाठ केलंय, पण लिहिताना हात लावतोच.

हात लावतोच, हे तिने बरोबर पकडलंय. मी काही शिक्षिका नाही, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग बघते आणि दिवसभर इंग्रजीत मेल पाडते. ही चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली. नोकरीला लागल्यावर पहिला रजेचा अर्ज दिला त्यात लिहिलं होतं, ऍज आय ऍम सफरिंग फ्रॉम फीव्हर सो आय ऍम नॉट एबल टू अटेंड ऑफिस. साहेबांनी रजा दिली पण सो भोवती गोल करून कागद परत पाठवला. मला वाटलं स्पेलिंग चुकलं की काय, एस ओ मध्ये काय चुकणार. तो सो तिथे मुळात असायलाच नको होता हे कळायला बराच वेळ गेला, आणि तो तिथे आला कुठून हे कळायला त्याहून जास्त.

तर आधी तो येतो कुठून ते बघू, कारण नियम पाठ करून ही चूक जात नाही, माझी गेली नाही, तिची जात नाहीये.

भाचीला म्हटलं, इंग्रजी सोड, हेच वाक्य मराठीत बोल. ती म्हणाली, जरी पाऊस होता तरी आम्ही कॉलेजला गेलो. बघा, जरी आणि तरी, दोन शब्द. आता दुसरं बोल म्हटलं, जर-तर वालं. जर पाऊस आला तर मी येणार नाही. मग जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा, जो-तो, जोपर्यंत-तोपर्यंत. आपल्या भाषेत दोन वाक्यं जोडायची तर दोन्हीकडे एकेक खुंटी लागते, एक ज ची आणि एक त ची. म्हणी आठवा, ज्याचं जळतं त्याला कळतं, जोवर पैसा तोवर बैसा, जिकडे सुई तिकडे दोरा. पसायदानातली ओळ घ्या, जो जे वांछील तो ते लाहो, तिथे तर एकाच ओळीत दोन जोड्या आहेत, जो-तो आणि जे-ते, आणि हे १२९० चं मराठी आहे. गीतेत यदा यदा म्हटलं की पुढे तदा येतंच. म्हणजे आपल्या डोक्यात जोडी इतकी पक्की बसलीये की एक शब्द लिहिला की दुसऱ्याची जागा रिकामी दिसते आणि हात तिथे काहीतरी ठेवतो. तरी च्या जागी बट ठेवतो, म्हणून च्या जागी सो, तोपर्यंत च्या जागी टिल देन.

इंग्रजीत सुई लागते, दोरा नको असतो. दोन वाक्यांना एक सांधा पुरतो.

आता ह्यातली खरी गंमत, जी मला कुणी शाळेत सांगितली नव्हती. मराठीत जोडीतला पहिला शब्द गाळला तरी चालतो, दुसरा गाळून चालत नाही. पाऊस आला तर येणार नाही, ह्यात जर कुठेय? नाहीये, आणि वाक्य एकदम बरोबर. पाऊस होता तरी गेलो, ह्यात जरी नाही. तू आलास तेव्हा मी झोपले होते, ह्यात जेव्हा नाही. पण उलटं करून बघा, जरी पाऊस होता, आम्ही गेलो. जर पाऊस आला, मी येणार नाही. असं आपण बोलत नाही, कानाला लंगडं लागतं. म्हणजे मराठीत सगळा भार त वाल्या शब्दावर आहे. इंग्रजीत बरोब्बर उलटं, तिथे इफ पाहिजेच, देन असला काय नसला काय. ऑल्दो पाहिजेच, पुढे काही नको. म्हणून तुम्ही नेमका तो शब्द घट्ट धरून ठेवता जो इंग्रजीला नकोय, आणि त्यात तुमचा मठ्ठपणा काही नाही, तुम्ही मराठी चांगलं बोलता एवढंच सिद्ध होतं. चिनी मुलंही ही ऑल्दो-बटची चूक अशीच करतात कारण त्यांच्या भाषेतही अशीच जोडी आहे.

एक वेगळी गोष्ट सांगते आणि परत येते. इंग्रजीही पूर्वी अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत जेव्हा-तेव्हासारखी जोडी होती, फक्त दोन्हीकडे एकच शब्द वापरायचे. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात दो च्या पुढे येट येतो, आणि जुन्या ग्रामरच्या पुस्तकांत दो-येट ही जोडी म्हणून शिकवलेलीच आहे. म्हणून कुणा आजोबांनी तुम्हाला दो-येट शिकवलं असेल तर ते चुकीचं नव्हतं, फक्त आता जुनं झालंय. येट चालायचा, बट मात्र नाही. आणि आजही दो च्या वाक्यात पुढे स्टिल लिहिलात तर चालतं, कारण स्टिल हा सांधा नाही, नुसता जोर द्यायचा शब्द आहे.

आता उपाय. मी भाचीला जे करायला लावलं ते असं. वाक्य आधी मराठीत पूर्ण बोलायचं, ज आणि त दोन्ही घालून. ज गाळला असेल तर आधी तो परत आणायचा, पाऊस होता तरी गेलो असं मनात आलं तर जरी पाऊस होता तरी गेलो असं करायचं. मग त वाल्या शब्दावर काट मारायची, आणि उरलेलं इंग्रजीत लिहायचं. ज ठेवा, त खोडा. पहिल्या आठवड्यात तिने खरोखर वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मराठी वाक्य लिहून तरी खोडलं. दिसायला बालिश दिसतं पण चूक थांबली, कारण आता तिला दिसत होतं की ती नेमकं काय खोडतेय. बट खोडा म्हटलं की हात ऐकत नाही, तरी खोडा म्हटलं की ऐकतो.

रजेच्या अर्जाचंही हेच. आजारी असल्यामुळे म्हणून असं आपण बोलत नाही, पण ताप आलाय म्हणून येऊ शकत नाही असं बोलतो, आणि इथेही सगळा भार मागच्या म्हणून वर आहे. इंग्रजी अर्ज ऍज ने सुरू करायचा असतो हे पाठ, आणि मनातलं म्हणून काही जात नाही, तर दोन्ही येतात. एक ठेवा. ऍज आय हॅव फीव्हर, आय कॅनॉट कम. किंवा आय हॅव फीव्हर, सो आय कॅनॉट कम. दोन्ही बरोबर, एकत्र चूक.

आता दुसरी तपासणी, ही लिहून झाल्यावर करायची. क्रियापदं मोजा आणि सांधे मोजा. क्रियापद म्हणजे ज्याचा काळ सांगता येतो तेच, वॉज रेनिंग हे एक, वेंट हे एक, हॅज बीन वेटिंग हे सगळं मिळून एकच, पण टू गो किंवा नुसतं गोइंग मोजायचं नाही कारण त्याला स्वतःचा काळ नसतो. सांधे म्हणजे अँड, बट, ऑर, सो, बिकॉज, इफ, दो, व्हेन, दॅट, हू, विच असे. सांधे क्रियापदांपेक्षा एकाने कमी पाहिजेत, बस. रेल्वेचे दोन डबे तर एक कपलिंग, तीन डबे तर दोन.

ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट. क्रियापदं दोन, सांधे दोन, एक सांधा जास्त. इट वॉज रेनिंग, वी वेंट होम. क्रियापदं दोन, सांधा शून्य, इथे नुसत्या कॉमाने दोन डबे जोडलेत आणि कॉमा काही कपलिंग नाही. आणि बिकॉज आय वॉज इल, एवढंच लिहून पूर्णविराम, तर क्रियापद एक, सांधा एक, म्हणजे कपलिंग लोंबकळतंय आणि पुढे डबाच नाही. तीन वेगळ्या चुका, तीन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवतात, मोजल्या की एकाच मोजणीत तिन्ही सापडतात.

ही शेवटची चूक मराठीमुळेच होते. मी काल आलो नाही. कारण मी आजारी होतो. मराठीत हे दोन पूर्णविरामांत छान बसतं, 'कारण' हा शब्द आपल्याकडे नवीन वाक्य सुरू करू शकतो. बिकॉज ला ते जमत नाही, निदान लिहिताना नाही. कुणी व्हाय विचारलं आणि तोंडाने बिकॉज आय वॉज इल म्हटलं तर ठीक, पेपरात आणि मेलमध्ये नको.

मोजणीत थोडी सूट लक्षात ठेवा. आय थिंक ही इज राइट ह्यात सांधा दिसत नाही पण दॅट लपलेला आहे, तो धरायचा. ही केम, सॅट अँड एट ह्यात तीन क्रियापदांना एकच अँड, कारण यादीत शेवटचा अँड सगळ्यांचं काम करतो. इफ च्या पुढचा देन सांध्यात मोजू नका, तो स्टिल च्या जातीचा. आणि हाउएव्हर, देअरफोर, देन, ऑल्सो हे सांधे नाहीत, सांध्यासारखे दिसतात, इथे भलेभले फसतात. इट वॉज लेट, देअरफोर वी लेफ्ट हे चूक आहे, लेट च्या पुढे पूर्णविराम नाहीतर अर्धविराम पाहिजे. बट ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत सांगतात, इंग्रज लोक सर्रास करतात, पण बोर्डाच्या पेपरात कशाला हौस करायची.

मोजणीत न सापडणाऱ्या चुकाही आहेत हे प्रामाणिकपणे सांगते. द मॅन हू केम येस्टर्डे ही इज माय अंकल. क्रियापदं दोन, सांधा एक, हिशोब जुळला, तरी वाक्य चूक. का, तर जो माणूस काल आला होता तो माझा काका, ह्यातला 'तो' इंग्रजीत 'ही' होऊन बसलाय. ज ठेवा त खोडा लावलं की लगेच सापडतो, द मॅन हू केम येस्टर्डे इज माय अंकल. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात.

आता आमच्या ऑफिसातलं रत्न. पार्टीला मेल गेला होता, अनटिल द पेमेंट विल नॉट कम, टिल देन डू नॉट रिलीज द मटेरियल. हे मी लिहिलं नव्हतं, पण लिहिलं असतं. समोरून चेन्नईच्या माणसाचा फोन आला की पेमेंट आल्यावर सोडायचं की न आल्यावर. मराठीत ते किती सरळ आहे बघा, जोपर्यंत पेमेंट येत नाही तोपर्यंत माल सोडू नका. आता काट मारा, तोपर्यंत गेला. पण इथे अजून एक उपटायचं आहे, 'येत नाही' मधला 'नाही'. अनटिल च्या पोटातच 'नाही' बसलेला आहे, वरून नॉट लावला की दोन नाही होतात आणि वाचणारा गोंधळतो. डू नॉट रिलीज द मटेरियल अनटिल द पेमेंट कम्स. अनलेस चंही डिट्टो. अभ्यास केला नाहीस तर नापास होशील, म्हणून लोक अनलेस यू डोन्ट स्टडी लिहितात, अनलेस म्हणजेच इफ नॉट, त्यामुळे अनलेस यू स्टडी, यू विल फेल एवढंच. आणि कम्स का, विल कम का नाही, तर इफ, व्हेन, अनटिल, ऍज सून ऍज ह्यांच्या पुढे भविष्यकाळाची गोष्ट असली तरी साधा वर्तमान लिहितात. आपल्याला हे अवघड जायला नको खरं तर, आपणही पोचलो की फोन करतो म्हणतो, अजून पोचलेलो नसताना पोचलो म्हणतो, त्यांनी रीच म्हटलं तर काय बिघडलं.

'की' ह्या शब्दावरून एकदा आमच्याकडे बरंच तापलं होतं. गिऱ्हाईक फोनवर म्हणालं की मी शुक्रवारी पैसे पाठवतो. आमच्या पोराने हेड ऑफिसला कळवलं, पार्टी टोल्ड दॅट आय विल सेंड मनी ऑन फ्रायडे. तिकडून उलट मेल, तुम्ही का पैसे पाठवणार? मराठीत की च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायची सोय आहे, तो म्हणाला की मी येतो, ह्यातला मी म्हणजे तोच हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत दॅट लावलात की मी चा तो करायलाच लागतो, नाहीतर मी म्हणजे मेल लिहिणारा. द पार्टी सेड दॅट दे वुड सेंड द मनी ऑन फ्रायडे. हे जमत नसेल तर सरळ दॅट टाळा आणि अवतरणचिन्हात त्याचे शब्द लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

ह्याचंच भावंड म्हणजे आय डोन्ट नो व्हेअर इज द ट्रक. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, मग कर्ता आधी, क्रियापद नंतर, व्हेअर द ट्रक इज. मराठीत ट्रक कुठे आहे आणि ट्रक कुठे आहे माहीत नाही ह्यात शब्द हलतच नाहीत, त्यामुळे हलवायचे असतात हे सुचत नाही.

आता बारावीवाल्यांसाठी थोडं, कारण वाक्य बदला म्हटलं की पोरं घाबरतात. सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स म्हणजे आपलं केवल, संयुक्त, मिश्र. नावं इतकी जुळतात ह्यात योगायोग नाही, दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठी व्याकरण छापलं तेव्हापासून आपलं शाळेतलं व्याकरण इंग्रजीच्या साच्यावर बरंच बेतलेलं आहे. प्रधानत्वसूचक अव्यय म्हणजे अँड-बट वाले, गौणत्वसूचक म्हणजे बिकॉज-इफ वाले. फक्त नावं सारखी म्हणून यंत्र सारखं असं समजू नका, सगळा घोळ तिथूनच होतो. दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट हे मिश्र, ही इज पुअर बट ही इज ऑनेस्ट हे संयुक्त, इन स्पाइट ऑफ बीइंग पुअर, ही इज ऑनेस्ट हे केवल. क्रियापदं मोजा, दोन, दोन, एक. दो आणि बट हे एकाच कामावरचे दोन पाळीवाले आहेत, एक आला की दुसऱ्याने घरी जायचं. गौण वाक्य आधी आलं तर मध्ये कॉमा, नंतर आलं तर बहुतेक वेळा नको. डिस्पाइट च्या पुढे ऑफ नाही आणि क्रियापदवालं वाक्यही नाही, इथे फार रेंगाळत नाही.

पण काही जोड्या इंग्रजीलाही लागतात आणि पेपरवाले नेमक्या त्याच विचारतात. नॉट ओन्ली-बट ऑल्सो, आयदर-ऑर, नायदर-नॉर, सो-दॅट, नो सूनर-दॅन. नो सूनर च्या पुढे पोरं व्हेन लिहितात, तिथे दॅन च, आणि क्रियापद उलटं फिरतं, नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट. मराठीत घंटा वाजते न वाजते तोच पोरं पळाली, त्या तोच चा हा दॅन. आणि जितकं-तितकं ही जोडी त्यांच्याकडेही शाबूत आहे, द मोर यू प्रॅक्टिस, द बेटर यू गेट. ह्यांना काट मारायची नाही.

हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. परवा वही घेऊन आली, चार गोल गायब, सगळे ऑल्दो एकटे उभे, आणि खाली नॉट ओन्ली च्या वाक्यातला बट ऑल्सो पण स्वच्छ पट्टी लावून खोडलेला. तो परत लिहायला लावला आणि मटार सोलायला बसवली.